पौर्णिमेचं ग्रंथालय : वेस्टरकर्क नावाच्या पॅरिशविषयी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी होतं, त्यांनी उभं आयुष्य गावोगावी वाचनालयं सुरू करण्यात घालवलं. म्हणून विषय निवडताना मला फार विचार करावा लागला नाही. स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवर, डम्फ्रीसशरच्या डोंगरांत वेस्टरकर्क नावाची एक पॅरिश आहे. मेंढ्या माणसांपेक्षा कितीतरी जास्त, शहर एकही नाही, रेल्वे कधी पोहोचली नाही. तरीही आपल्या सातारा जिल्ह्याचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास नीट सांगायचा तर या पॅरिशचं नाव घ्यावं लागतं. ते का, हे ओघात येईलच. पण आज मला सर्वांत जास्त बोलायचं आहे ते तिथल्या एका ग्रंथालयाबद्दल. १७९३ साली खाणकामगारांनी ते काढलं.

आधी पॅरिश म्हणजे काय ते सांगतो. एका चर्चच्या हद्दीत येणारा मुलूख म्हणजे पॅरिश. वाड्या, शेतं, डोंगर, ओढे, माणसं, सगळं त्यात आलं. पण स्कॉटलंडमध्ये ती केवळ धर्माची व्यवस्था नव्हती. शाळा पॅरिशची, गरिबांना मदत पॅरिशची, जन्म-लग्नाची नोंदही पॅरिशच्याच वहीत. १८व्या शतकातल्या साध्या माणसाला सरकार दिसायचं ते पॅरिशच्या रूपात. एडिंबराचं न्यायालय आणि लंडनची पार्लमेंट ही त्याच्या दृष्टीने फार लांबची गोष्ट होती.

वेस्टरकर्कचा भूगोल एका नदीभोवती गुंफलेला आहे. डोंगरांतून ब्लॅक एस्क आणि व्हाइट एस्क असे दोन प्रवाह खाली येतात, त्यांचा संगम होतो आणि पुढे ती एस्क नदी म्हणून ओळखली जाते. तिच्या खोऱ्याला एस्कडेल म्हणतात. वेस्टरकर्कच्या हद्दीत उत्तरेकडून मेगट नावाचा ओढा तिला येऊन मिळतो. खाली लँगहोम हे कापडगिरण्यांचं छोटं गाव लागतं, तिथून नदी इंग्लंडमध्ये शिरते आणि सॉल्वेच्या खाडीत समुद्राला भेटते. डोंगर फार उंच नाहीत. गोलसर माथ्याचे, गवताने झाकलेले, झाडं बहुधा ओढ्याकाठीच. बेंटपाथ ही या पॅरिशची मुख्य वस्ती. एक पूल, एक चर्च, एक शाळा, काही घरं, एवढाच तिचा पसारा. लँगहोमहून नदीकाठाने वर जाणारा एकच रस्ता तिला जगाशी जोडतो.

जुनी वेस्टरकर्क याहून बरीच मोठी होती. खोऱ्याच्या वरच्या टोकाच्या लोकांना चर्चपर्यंत येणं अवघड, म्हणून १७०३ मध्ये तो भाग तोडून एस्कडेलम्यूर ही वेगळी पॅरिश केली. हा तोडलेला तुकडा म्हणजे एक विलक्षण मुलूख आहे. तिथे प्राचीन दगडी वर्तुळं आहेत, रोमन सैन्याच्या ठाण्याचे अवशेष आहेत. १९६७ मध्ये तिथल्या जॉनस्टन हाउस नावाच्या घरात तिबेटमधून आलेल्या दोन लामांनी साम्ये लिंग हा बौद्ध मठ स्थापन केला आणि आज त्या ओसाड डोंगरांत स्तूप उभा आहे. दोन्ही एस्क नद्यांच्या संगमाबद्दल एक जुनी आख्यायिका सांगतात. तिथे वर्षातून एकदा जत्रा भरायची, तरुण-तरुणी एकमेकांचा हात धरून वर्षभर एकत्र राहायचं ठरवायची आणि पुढच्या जत्रेला लग्न करायचं की वेगळं व्हायचं याचा निर्णय घ्यायची. १८व्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या वृत्तांतात ही हकिगत आहे. ती कितपत खरी याबद्दल अभ्यासकांना शंका आहे, पण खोऱ्यातल्या लोकांनी ती जपून ठेवली हेही खरंच.

एस्कडेलम्यूरची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. लंडनजवळ क्यू इथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी व्हायची. शहरात विजेच्या ट्रामगाड्या आल्या आणि नाजूक उपकरणांच्या नोंदी बिघडू लागल्या. तेव्हा विजेपासून दूर अशी निवांत जागा शोधत शास्त्रज्ञ एस्कडेलम्यूरला आले आणि १९०८ मध्ये तिथे वेधशाळा सुरू झाली. आता आपल्याकडे पाहा. मुंबईत विजेची ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचं चुंबकीय काम नानाभाई फ्रामजी मूस यांनी १९०४ मध्ये अलिबागला हलवलं. एकाच कारणासाठी, चारच वर्षांच्या अंतराने, दोन वेधशाळा दोन खेड्यांकडे निघाल्या. दोन्ही ठिकाणी आजही ते काम चालू आहे. मला या जोडीचं फार अप्रूप वाटतं.

आता पॅरिशच्या संस्थांकडे वळू. चर्चचा धर्मगुरू आणि गावातले निवडक वडीलधारे यांची मिळून एक सभा असे, तिला कर्क सेशन म्हणत. रविवारच्या प्रार्थनेला जमणारे पैसे, दंडाच्या रकमा, अंत्ययात्रेत शवपेटीवर घालायच्या मखमली आच्छादनाचं भाडं अशा उत्पन्नातून ही सभा विधवांना, म्हाताऱ्यांना, अपंगांना मदत करायची. हीच सभा लोकांच्या नीतिमत्तेवरही पाळत ठेवायची, आणि ती पाळत कठोर असे. अविवाहित मातेला भर चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभं करायची प्रथा होती. हे मी झाकून ठेवणार नाही. मदतीचा हात आणि शिक्षेचा हात एकाच संस्थेचे होते.

पण या व्यवस्थेने एक काम असं केलं की त्याला तोड नाही. १६९६ च्या स्कॉटिश कायद्याने प्रत्येक पॅरिशमधल्या जमीनमालकांवर शाळा बांधण्याची आणि मास्तराला पगार देण्याची सक्ती केली. पगार फार नव्हता, वर्षाला शंभर ते दोनशे मर्क, म्हणजे जुनी स्कॉटिश नाणी. मुलांकडून थोडी फी घेऊन मास्तर भागवायचा, शिवाय कर्क सेशनचा कारकून म्हणूनही काम करायचा. पण परिणाम असा झाला की मेंढपाळाचा मुलगा आणि जमीनदाराचा मुलगा एकाच खोलीत बसून वाचायला शिकले. वेस्टरकर्कच्या शाळेत १८व्या शतकात आर्चिबाल्ड ग्रॅहम नावाचे मास्तर होते. त्यांचं नाव इतिहासात राहिलं ते त्यांच्या एका खोडकर विद्यार्थ्यामुळे. शाळेत काही उपद्व्याप झाला की मास्तर म्हणायचे, याच्या मुळाशी जॉकच असणार. पुढे त्या जॉकने इराणचा दोन खंडी इतिहास लिहिला, १८१५ मध्ये तो लंडनमध्ये छापला गेला, आणि त्याने एक प्रत आपल्या जुन्या मास्तरांना पाठवली. आत लिहिलं होतं मास्तरांचंच जुनं वाक्य. हा जॉक म्हणजे जॉन माल्कम.

मित्रहो, नाव ओळखीचं वाटलं असेल. महाबळेश्वरच्या बाजाराला ज्याच्या नावावरून माल्कमपेठ म्हणत, तोच हा माल्कम.

वेस्टरकर्कमध्ये तीन घरं अशी आहेत की त्यांच्याकडे पाहिलं की सगळी पॅरिश समजते. एक वेस्टरहॉल, जमीनदार जॉनस्टन घराण्याचा वाडा. दुसरं बर्नफुट, माल्कम कुटुंबाचं शेतघर. तिसरं ग्लेंडिनिंग, मेगटच्या ओढ्याकाठी खूप आत असलेलं मेंढवाड्याचं ठिकाण, जिथे एका मेंढपाळाच्या झोपडीत थॉमस टेलफर्ड जन्मला.

वेस्टरहॉलच्या जॉनस्टन भावंडांची पिढी मोठी होती आणि जमीन सगळ्यांना पुरेशी नव्हती. मुलगे जगभर गेले. पॅट्रिक ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला गेला आणि १७५६ मध्ये तिथल्या कुप्रसिद्ध कोठडीत मेला. जॉन बंगालमध्येच होता, पुढच्या वर्षी प्लासीच्या लढाईत तोफखान्याबरोबर होता. त्याने तिथे प्रचंड पैसा मिळवला, क्लाइव्हशी भांडला आणि स्कॉटलंडला परतून जमिनी घेतल्या. अलेक्झांडरने कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा बेटावर उसाचा मळा घेतला आणि त्याला वेस्टरहॉल हेच नाव दिलं. त्या मळ्यावर आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत होते. त्या बेटावर आजही वेस्टरहॉल हे नाव रमच्या बाटल्यांवर छापलं जातं. स्कॉटलंडच्या एका ओढ्याकाठच्या वाड्याचं नाव असं समुद्रापार रुजलं.

या घराण्याशी जोडलेली एक स्त्री मला विसरता येत नाही. कागदपत्रांत तिचं नाव बेल किंवा बेलिंडा असं आहे. ती बंगालची. जॉन जॉनस्टनने तिला गुलाम म्हणून स्कॉटलंडला आणलं. १७७१ मध्ये तिच्यावर नवजात बाळाच्या हत्येचा आरोप आला, पर्थच्या न्यायालयात खटला उभा राहिला. ती जॉनस्टनची गुलाम आहे, हे मान्य करून न्यायालयाने तिला अमेरिकेच्या वसाहतीत नेऊन विकण्याची शिक्षा दिली. ब्रिटनमधल्या न्यायालयाने गुलाम ठरवलेली ती शेवटची व्यक्ती, असं इतिहासकार मानतात. सातच वर्षांनी, १७७८ मध्ये, जोसेफ नाइट नावाच्या माणसाच्या दाव्यात स्कॉटलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने गुलामी इथल्या कायद्यात बसत नाही असा निकाल दिला. बेलला त्याचा काहीच उपयोग झाला नाही. अमेरिकेत तिचं पुढे काय झालं ते कुणी लिहून ठेवलं नाही. तिचं मूळ नावही आपल्यापर्यंत आलेलं नाही.

वेस्टरकर्कच्या जुन्या दफनभूमीत जॉनस्टन घराण्याची समाधीची इमारत आहे. १७९० मधली. रॉबर्ट अ‍ॅडम या त्या काळच्या सर्वांत नामवंत वास्तुविशारदाने तिचा आराखडा केला. प्राचीन ग्रीक मंदिराची आठवण यावी अशी ती गंभीर, देखणी वास्तू आहे. वास्तुकलेचे अभ्यासक ती पाहायला मुद्दाम त्या खोऱ्यात जातात आणि त्यांनी जावंच. मात्र त्या घराण्याच्या वैभवात बंगालचे पैसे होते आणि ग्रेनाडाच्या उसाचे पैसे होते, हे ठाऊक असताना केवळ खांबांची प्रमाणबद्धता पाहणं मला जमत नाही.

आता बर्नफुट. जॉर्ज माल्कम हा मेंढ्यांचा शेतकरी, बायको मार्गारेट पास्ली, आणि मुलं सतरा. १७८०च्या सुमारास तो आर्थिक अडचणीत आला आणि दिवाळखोरीची वेळ आली. मोठ्या घरात इतकी तोंडं, म्हणून मुलगे वयाच्या बारा-तेराव्या वर्षीच नोकरीला लागले. कुणी आरमारात, कुणी कंपनीत. चार भाऊ पुढे ‘सर’ झाले. जेम्स मरीन सैनिकांत, पुल्टनी आरमारात अ‍ॅडमिरल, आणि सेंट हेलेनाला कैदेतल्या नेपोलियनवर पाळत ठेवणाऱ्या ताफ्याचा प्रमुख. चार्ल्स मुंबईत कंपनीच्या नौदलाचा अधीक्षक. आणि जॉन.

जॉनचा जन्म १७६९चा. तेराव्या वर्षी तो कंपनीच्या संचालकांपुढे उभा राहिला. हैदर अली भेटला तर काय करशील, असं त्यांनी विचारलं, तर पोराने तलवार उपसून त्याचं डोकं उडवेन असं उत्तर दिलं आणि नोकरी मिळवली. ही हकिगत त्याच्या चरित्रात कौतुकाने येते. मला मात्र तिच्यात एक तेरा वर्षांचा मुलगा दिसतो, वडिलांचं घर वाचवायला घाबरत-घाबरत मोठ्या माणसांना आवडेल ते बोलणारा. १७८३ मध्ये तो मद्रासला उतरला. पुढे फारसी शिकला, इराणच्या दरबारात वकील म्हणून गेला.

आपल्या इतिहासात तो येतो १८१७ मध्ये. डिसेंबरात महिदपूरला होळकरांच्या फौजेचा पराभव झाला, त्या लढाईत माल्कम होता. जानेवारी १८१८ मधल्या मंदसोरच्या तहाची बोलणी त्यानेच केली. आणि त्याच वर्षी जूनमध्ये असीरगडाजवळ दुसरे बाजीराव शरण आले ते माल्कमच्या हवाली. वर्षाला आठ लाख रुपये तनखा आणि वास्तव्य पुण्यापासून दूर, बिठूरला, ही अट माल्कमने ठरवली. गव्हर्नर जनरलला आठ लाख फार वाटले, पण दिलेला शब्द मागे घेता आला नाही. बाजीराव १८५१ मध्ये वारले आणि कंपनीने तो तनखा नानासाहेबांना द्यायचं नाकारलं. त्यातून पुढे काय घडलं ते आपण जाणतोच. बर्नफुटच्या शेतकऱ्याच्या मुलाने लिहिलेला एक आकडा अशा रीतीने कानपूरपर्यंत पोहोचला.

१८२७ ते १८३० या काळात तो मुंबईचा गव्हर्नर होता. प्रकृतीसाठी थंड हवेचं ठिकाण हवं म्हणून त्याने महाबळेश्वरचं पठार निवडलं. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी १८२९ मध्ये करार झाला, पठाराच्या बदल्यात वाई भागातलं खंडाळा हे गाव महाराजांना मिळालं. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० मध्ये त्यानेच खुला केला. मराठा सरदारांची इनामं आणि मान राखले पाहिजेत असं त्याचं मत होतं, आणि ते त्याने लिहून ठेवलं आहे. मध्य भारतावरचा त्याचा १८२३ मधला ग्रंथ माळव्याच्या अभ्यासकाला अजून लागतो. हे सगळं मान्य करूनच म्हणतो, की त्याच माणसाने आपलं एक राज्य संपवण्याच्या कामात मोठा वाटा उचलला. त्याला वाईट माणूस ठरवून किंवा मोठा माणूस ठरवून हा हिशेब मिटत नाही. मुंबईच्या टाउन हॉलमध्ये, म्हणजे आजच्या एशियाटिक सोसायटीत, चँट्रीने घडवलेला त्याचा संगमरवरी पुतळा आहे. लँगहोमच्या व्हिटा टेकडीवर शंभर फूट उंच दगडी स्तंभ आहे, १८३५ मध्ये बांधलेला. खोऱ्यात कुठूनही तो दिसतो.

आता तिसरं घर. थॉमस टेलफर्ड ऑगस्ट १७५७ मध्ये जन्मला, म्हणजे प्लासीची लढाई होऊन दोन महिनेही झाले नव्हते. एकाच उन्हाळ्यात या पॅरिशच्या जमीनदाराचा मुलगा बंगालच्या आंबराईत तोफा डागत होता आणि तिच्या मेंढपाळाच्या झोपडीत एक मूल जन्माला येत होतं. तीन महिन्यांत बाळाचे वडील वारले. झोपडी मालकाची होती, नव्या मेंढपाळासाठी ती रिकामी करावी लागली. आई जॅनेट बाळाला घेऊन क्रुक्स नावाच्या वस्तीत एका घराच्या अर्ध्या भागात राहायला गेली. नातेवाइकांच्या आधाराने आणि पॅरिशच्या शाळेच्या जोरावर मुलगा वाढला, गुरं-मेंढ्या राखत शिकला, पाथरवटाच्या हाताखाली लागला. लँगहोमच्या पुलाच्या दगडांवर त्याची खूण आहे. वडिलांच्या थडग्याचा दगड त्याने स्वतः कोरला. तो वेस्टरकर्कच्या दफनभूमीत आजही आहे, रॉबर्ट अ‍ॅडमच्या त्या समाधीजवळच. वडिलांबद्दल त्याने त्यावर लिहिलं ते एवढंच, की ते निष्कलंक मेंढपाळ म्हणून जगले.

टेलफर्डला वाचनाची गोडी लावली लँगहोमच्या पास्ली घराण्यातल्या एका प्रौढ बाईंनी. त्यांनी आपल्या कपाटातली पुस्तकं या पाथरवटाच्या पोराला वाचायला दिली, त्यांत मिल्टन होता. तो कविताही करू लागला. आपल्या खोऱ्यावर त्याने लिहिलेली कविता छापली गेली. १७८२ मध्ये त्याने लंडन गाठलं, तेही वेस्टरहॉलच्या जॉनस्टन कुटुंबाचा एक घोडा तिकडे पोहोचवायचा होता म्हणून त्यावर बसून. त्याच सुमारास जॉन माल्कम हिंदुस्थानच्या जहाजावर होता. पुढे जॉनस्टन भावांपैकी विल्यम, जो श्रीमंत बायकोचं आडनाव घेऊन पुल्टनी झाला होता, त्याने टेलफर्डला श्रॉपशरच्या सरकारी बांधकामांचं काम मिळवून दिलं. ग्रेनाडाचा तो मळाही अखेर याच पुल्टनीकडे आला. टेलफर्डच्या गुणांबद्दल कुणालाच शंका नाही, पण त्याला पहिली संधी देणारा हात हा असा होता.

टेलफर्डची कामं मोजायला एक वेगळं व्याख्यान लागेल. वेल्समधला पोंटकिसिल्टेचा जलसेतू १८०५ मध्ये, मेनाईचा झुलता पूल १८२६ मध्ये, स्कॉटलंडच्या या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत जाणारा कॅलेडोनियन कालवा, डोंगराळ उत्तर भागात शेकडो मैल रस्ते आणि हजारावर पूल. अभियंत्यांच्या संस्थेचा तो पहिला अध्यक्ष. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये त्याचं दफन झालं, आणि जॉन माल्कमचा पुतळाही त्याच इमारतीत आहे. एका पॅरिशच्या शाळेतली दोन मुलं. मला मात्र त्याची एक छोटी सवय जास्त मोलाची वाटते. आईला तो पत्रं लिहायचा ती छापील अक्षरांसारखी सुटी सुटी लिहून, म्हणजे तिला शेकोटीपाशी बसून स्वतःची स्वतः वाचता यावीत. १७९४ मध्ये आई गेली, तोवर त्याने हा नेम पाळला.

आता ग्रंथालय. टेलफर्ड जिथे जन्मला त्याच ग्लेंडिनिंगच्या डोंगरात अँटिमनीची खाण निघाली. हे खनिज आपल्याकडे सुरम्यात वापरत. शिशात ते मिसळलं की मिश्रधातू कडक होतो, आणि छापखान्यातले खिळे अशाच मिश्रधातूचे ओततात. १७९३ मध्ये एका खाण कंपनीने तिथलं काम जोरात सुरू केलं, कामगारांसाठी जेम्सटाउन नावाची छोटी वसाहत वसवली. त्याच वर्षी या कामगारांनी वर्गणी काढून ग्रंथालय सुरू केलं. धर्मगुरूंनी नव्हे, जमीनदारांनी नव्हे, दिवसभर जमिनीखाली हातोडा मारणाऱ्या माणसांनी. आपल्याकडे त्या काळी सवाई माधवरावांची कारकीर्द चालू होती. रत्नागिरीचं नगर वाचनालय निघालं १८२८ मध्ये, माल्कम मुंबईला गव्हर्नर असताना.

त्या काळात त्या डोंगरात राहणं म्हणजे काय होतं, हे समजावं म्हणून एक घटना सांगतो. ग्रंथालय निघाल्याच्या पुढच्याच जानेवारीत, १७९४ च्या २४-२५ तारखेला, दक्षिण स्कॉटलंडवर हिमवादळ कोसळलं. त्याला तिथले लोक गोनियल ब्लास्ट म्हणत. सतरा मेंढपाळ मेले. जेम्स हॉग हा पलीकडच्या एट्रिक खोऱ्यातला मेंढपाळ-लेखक त्यातून वाचला, आणि त्याने नंतर लिहून ठेवलं की एस्कच्या मुखाशी वाळूत पुरानंतर १,८४० मेंढ्या, नऊ गुरं, तीन घोडे, दोन पुरुष, एक बाई, पंचेचाळीस कुत्री आणि एकशे ऐंशी ससे वाहून आलेले सापडले. कुत्र्यांचा आणि सशांचाही आकडा त्याने दिला. मेंढपाळाशिवाय हे कुणी मोजलं नसतं.

खाण फार चालली नाही. १७९८ पर्यंत सुमारे शंभर टन धातू निघाला आणि काम थांबलं. कामगार पांगले, जेम्सटाउन ओस पडलं. ग्रंथालय मात्र राहिलं. पुस्तकं खोऱ्यात खाली आणली गेली, पॅरिशच्या शाळेपाशी ठेवली गेली, आणि खाणीच्या माणसांनी जमवलेला संग्रह सगळ्या पॅरिशचा झाला. मला या गोष्टीचं सर्वांत मोल वाटतं. खाणीसाठी आलेली उपरी माणसं, पाच वर्षांत निघूनही गेली, आणि मागे ठेवून काय गेली तर पुस्तकांचं कपाट.

सॅम्युअल स्माइल्सने टेलफर्डचं चरित्र लिहिताना या ग्रंथालयाचं वर्णन केलं आहे. पुस्तकं महिन्यातून एकदाच बदलून मिळायची, तो दिवस ठरलेला असे पौर्णिमेचा. शेतकरी, मेंढपाळ, नांगरे, मजूर, त्यांची मुलं, बायका, पुरुष, लांबलांबून यायचे आणि महिनाभर पुरतील इतकी पुस्तकं घेऊन जायचे. पौर्णिमा का, हे डोंगरात राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. दिवसभर काम, रस्ता म्हणजे पायवाट, ओढ्यावर पूल नाही, आणि उत्तरेच्या हिवाळ्यात चार वाजताच अंधार. चांदणं असेल तरच पाठीवर पुस्तकांचं ओझं घेऊन डोंगर उतरता-चढता येतो. वाचनाचं वेळापत्रक चंद्राच्या कलेवर बसवणारी ही माणसं वाचनाला चैन समजत नव्हती, हे वेगळं सांगायला नको.

टेलफर्ड अविवाहित राहिला. १८३४ मध्ये वारताना त्याने मृत्युपत्रात लँगहोम आणि वेस्टरकर्क या दोन पॅरिशच्या ग्रंथालयांसाठी प्रत्येकी एक हजार पौंड ठेवले. रक्कम धर्मगुरूंच्या हवाली, मुद्दल कायम ठेवायचं आणि व्याजातून पुस्तकं घ्यायची, अशी व्यवस्था. ज्या मुलाला एका बाईंनी कपाट उघडून दिलं होतं, त्याने खोऱ्यातल्या पुढच्या सगळ्या मुलांसाठी ते उघडं ठेवण्याची सोय केली. १८६० मध्ये बेंटपाथला ग्रंथालयाची स्वतंत्र इमारत उभी राहिली, साधी, एका दालनाची. हजारो ग्रंथ भिंतीपासून छतापर्यंत रचलेले. बाहेर रस्त्याकडेला टेलफर्डच्या स्मरणार्थ दगडी बाक आहे.

मित्रहो, पॅरिश म्हणून ज्या व्यवस्थेबद्दल मी बोललो, ती हळूहळू विरत गेली. गरिबांच्या मदतीचं काम १८४५ च्या कायद्याने कर्क सेशनकडून गेलं. शाळा १८७२ मध्ये निवडून आलेल्या मंडळांकडे गेल्या. पॅरिश काउन्सिलं १९३० मध्ये बंद झाली. मेंढ्यांच्या कित्येक डोंगरांवर आता सिट्का स्प्रूसची दाट लागवड आहे, लाकडासाठी केलेली, आणि तिच्याखाली जुन्या मेंढवाड्यांच्या भिंती दडल्या आहेत. जेम्सटाउनच्या जागी आता फक्त दगडांचे ढीग आहेत. वर सांगितलेली तीन कुटुंबं, त्यांचे वाडे आणि स्तंभ हे सगळं आता वारसा म्हणून जपलं जातं. माल्कमचा स्तंभ ज्या माणसाने खोरं सोडलं त्याचा, आणि अ‍ॅडमची समाधी ज्यांनी परक्या देशातून पैसा आणला त्यांची. ग्रंथालय मात्र तिथे येऊन राबणाऱ्यांनी काढलेलं आणि तिथेच राहणाऱ्यांनी चालवलेलं. पॅरिशची खूण कोणती असं मला विचारलं तर मी बेंटपाथच्या त्या दालनाकडे बोट दाखवीन.

शेवटी या सभागृहातल्या तरुण अभ्यासकांना एक विनंती करतो. १७९० च्या दशकात जॉन सिंक्लेअर या जमीनदाराने स्कॉटलंडमधल्या प्रत्येक पॅरिशच्या धर्मगुरूकडे प्रश्नावली पाठवली आणि ९३८ पॅरिशचे वृत्तांत एकवीस खंडांत छापले. जमीन, हवा, मजुरी, रोगराई, पाळीव जनावरं, शाळेतली मुलं, सगळं त्यात आलं. वेस्टरकर्कबद्दल आज आपल्याला जे कळतं त्यातलं बरंच काही त्या खंडांतून आणि शाळा-चर्चच्या वह्यांमधून आलेलं आहे. आपल्या तालुक्यातल्या जुन्या वाचनालयांच्या देवघेवीच्या वह्या, वर्गणीच्या पावत्या, सभांची इतिवृत्तं अजून कपाटांत आहेत, काहींना वाळवी लागली आहे. कोणत्या गावात कोणत्या सालात कोणतं पुस्तक कुणी घरी नेलं, हे त्यांतून वाचता येईल. गुरुजींनी काढलेल्या वाचनालयांपासून हे काम सुरू करता येईल. येत्या उन्हाळ्यात दहा-बारा जणांनी एकत्र बसून त्या वह्यांची यादी करायला घ्यावी. मीही त्यात सामील होईन.